नारळापायी गेलेला हात

‘बेसबॉल म्हणजे आपलं क्रिकेटच ना, फक्त बॅट गोल असते?’ असं विचारणाऱ्या माणसाला मी पूर्वी समजावून सांगायचो. हल्ली ‘हो’ म्हणतो आणि पेपर तोंडापुढे धरतो. पण गेल्या महिन्यात पेपरनेच घात केला. आतल्या पानावर, कोपऱ्यात, मूळव्याधीच्या जाहिरातीखाली बातमी होती: ‘माजी क्रिकेटपटूच्या शिष्येची भारतीय बेसबॉल संघात निवड’. तो माजी क्रिकेटपटू म्हणजे आमचा पिचर. ज्याला क्रिकेटवाल्यांनी मैदानावरून हाकलून दिलं होतं, तो.

मी पेपरच्या कचेरीत फोन लावला. पलीकडच्या मुलीला म्हटलं, “अहो, या माणसाने आयुष्यात धड दोन ओव्हर टाकलेल्या नाहीत. तो बेसबॉलचा पिचर होता. अमेरिकेत पगारावर खेळून आलाय.”

“काका, तेच ते. वाचकांना कळावं म्हणून आम्ही सोपं करतो.”

“उद्या एखाद्या गवयाचा सत्कार झाला तर सोपं करून ‘माजी बँडवाले’ म्हणाल का?”

“तुम्ही त्यांचे कोण?”

“कॅचर.”

तिने फोन ठेवला. तिचाही फारसा दोष नाही. या शहरात ‘मी त्याचा मेहुणा’ म्हटलं असतं तर दुरुस्ती छापून आली असती. कॅचर हे नातंच कुणाला माहीत नाही.

म्हणून एकदाच सांगतो. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा. फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून तो चेंडू झेलणारा तो कॅचर. कॅचरने दोन पायांच्या मध्ये हात धरून बोटांनी खुणा करायच्या, आता सरळ टाक, आता वळवून टाक. आणि पिचरने लांबून मान हलवून हो किंवा नाही म्हणायचं. तोंडाने एक अक्षर नाही. इतक्या वर्षांच्या संसारात माझी बायको माझ्याकडे जेवढं निरखून पाहते, त्याच्या कितीतरी पट तो पाहायचा. माझे गुडघे त्याच्या चेंडूंनीच खाल्ले. आज मी पंगतीला बसू शकत नाही. लोक म्हणतात, वय झालं. वय नाही हो, पिचर झाला.

आमच्या कॉलेजच्या बेसबॉलच्या संघात सगळी क्रिकेटची नासकी फळं होती. मी जाड होतो, म्हणून मला पाणी द्यायलासुद्धा क्रिकेटमध्ये घेत नसत. तो लोणी काळभोरहून बसने यायचा. त्याला घेत नसत त्याचं कारण वेगळं होतं. तो बट्टा टाकायचा. हात कोपरात वाकवून चेंडू फेकला की त्याला आमच्याकडे बट्टा म्हणतात, आणि गल्लीतल्या क्रिकेटमध्ये यापेक्षा मोठं पाप नाही. चेंडू चोरलात तरी चालेल, पंचाला आईवरून शिवी दिलीत तरी चालेल, पण बट्टा नाही. गावच्या टेनिस बॉलच्या स्पर्धेत त्याचा चेंडू कुणाला दिसायचाच नाही, इतका तो वेगात यायचा. तेव्हा लोकांनी त्याच्या कोपराकडे बघायला सुरुवात केली. एके दिवशी त्याला भर मैदानातून बाहेर काढला आणि वर लाउडस्पीकरवरून तसं जाहीरही केलं.

त्याला कधी याचं वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. तो म्हणायचा, “पंत, हात वाकडा नव्हता. ख्योळ चुकीचा होता.”

पंत म्हणजे मी. नारायण पेठेत राहणारा प्रत्येक माणूस त्याच्या लेखी पंत होता.

तर असा तो आला आणि पहिल्याच दिवशी मला त्याची ती खोड कळली. मी काहीही खूण केली की तो आधी मान हलवायचा. नाही. दुसरी खूण केली, नाही. मग परत पहिली केली की हो. मी चिडून विचारलं, “अरे शहाण्या, हेच टाकायचं होतं तर आधी नाही कशाला म्हणालास?”

तो अगदी शांतपणे म्हणाला, “बरं वाटतं.”

पुढे मला त्याचा अर्थ लागला. मैदानाच्या मधोमध जो मातीचा उंचवटा असतो, त्यावर उभं राहून पिचर चेंडू टाकतो. त्याच्या आयुष्यात ‘नाही’ म्हणायची तेवढी एकच जागा होती. उंचवट्यावरून खाली उतरला की त्याच्या तोंडून नाही निघतच नसे. प्राध्यापकाने घरचं सामान हलवायला बोलावलं, हो. चुलत्याने परीक्षेच्या दिवशी उसाला पाणी द्यायला सांगितलं, हो. कुणाचा वाढदिवस, कुणाचा चषक, कुणाची वरात, याचं आपलं हो. फक्त प्रत्येक ठिकाणी तो डाव्या हाताने काम करायचा.

कारण उजवा हात त्याने तळहाताच्या फोडासारखा जपला होता. हे मी वाक्प्रचार म्हणून सांगत नाही. भर मे महिन्यात तो आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी कोपराला गुंडाळून यायचा. बसमध्ये दांडा डाव्या हाताने धरायचा. कुशीवर झोपला तर डाव्या. कॅरम खेळायचा नाही, बादली उचलायचा नाही, समोरच्याने हात पुढे केला तर डावा हात द्यायचा. आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा वडिलांनी हात पुढे केला आणि याने डावा पुढे केला. वडील आत जाऊन आईला म्हणाले, “मुलगा चांगला आहे, पण वळण नाही.” सभा-समारंभात टाळ्या वाजवायची वेळ आली की हा डाव्या हाताने मांडीवर थापट्या मारायचा. त्याची आई म्हणायची, “पोरगीसुदिक यवढी जपून ठिवत न्हाईत. ह्येचं लगीन हाताशीच लावून द्या.”

सराव झाला की कोपराला बर्फ लावायला हवा, असं त्याने कुठंतरी वाचलं. आता आमच्या कॉलेजात बर्फ कुठून येणार? मग तो रस्त्यापलीकडच्या रसवंतीत जाऊन बसायचा, एक हाफ रस मागवायचा आणि रसवाल्याची पाठ वळली की बर्फाच्या टबात कोपर घालायचा. एकदा रसवाल्याने पाहिलं.

“ओ पाव्हणं! त्यो बर्फ गिऱ्हाइकाच्या गिलासात जातो!”

हा म्हणाला, “मी बी गिऱ्हाइकच हाय की.”

त्यावर रसवाला इतका हसला, की त्यानंतर एक वेगळं घमेलं याच्यासाठी बर्फ घालून ठेवू लागला. या शहरात त्याच्या हाताची काळजी घेणारी एवढी एकच संस्था मला माहीत आहे. बाकी क्रीडा खातं वगैरे आहेत म्हणे. असतील.

त्याचं एक आवडतं वाक्य होतं. एखादा चेंडू मनासारखा गेला नाही, फलंदाजाने पार कुंपणाबाहेर भिरकावून दिला, तर मी धावत त्याच्याजवळ जायचो. तो खांदे उडवून म्हणायचा, “सुटला की आपला न्हाय.” चेंडू बोटांत आहे तोवर त्याची पोटच्या पोरासारखी काळजी घ्यायची, वास घ्यायचा, शिवण चाचपायची, बोटांतून सुटला की विषय संपला. मला हे वाक्य तेव्हाही आवडायचं नाही. मी म्हणायचो, “तुझा नसेल, माझा असतो. मला तो पोटावर झेलायचा असतो.” तो नुसता हसायचा.

मग एक परदेशी प्रशिक्षक शिबिरासाठी पुण्यात आला. त्याने याचे काही चेंडू पाहिले, मला उठवलं, माझा हातमोजा घेऊन स्वतः उकिडवा बसला. परत उठला तेव्हा हात झटकत होता. त्यानंतरचं सगळं इतक्या भराभर झालं की लोणीत कुणाचा विश्वास बसला नाही. अमेरिकेतल्या एका लहानशा गावाच्या संघाने याला पगारावर घेतलं. संघ मोठा नव्हता. मोठ्या संघांच्या खालच्या पायरीच्याही खालची पायरी म्हणा. पण हिशेबात धरलेली पायरी. ‘आरं, नुसता बाल टाकायचं पगार देत्यात?’ असं चुलता मला दहादा विचारत होता, जणू काही मीच देणार होतो.

तिथे तो दोन हंगाम खेळला आणि उत्तम खेळला. सकाळी मी ऑफिसला निघायच्या वेळेला त्याचा व्हिडिओ फोन यायचा. तिथलं जेवण, तिथली थंडी याबद्दल तो कधी बोलला नाही. एकदा मात्र म्हणाला, “पंत, हितं किराणा दुकानात एक म्हातारी बसती. मी साबण आणायला गेलो तरी इचारती, आज हात कसा हाय? आपल्याकडं आय सोडून कुणी इचारलं हुतं का रं?”

मी म्हटलं, “मी विचारायचो.”

“तू कॅचर हायेस. तुला इचारावंच लागतंय.”

दुसरा हंगाम संपला तेव्हा संघाने त्याला सांगितलं, की घरी जा, चार महिने विश्रांती घे, चेंडूला हात लावू नकोस. परत आलास की तुला एक पायरी वर चढवतो. त्या एका पायरीसाठी तिथली मुलं आयुष्य घालतात. याची चालून आली होती. दिवाळीला तो लोणीला आला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. कोपराला हात लावून म्हणाला, “कुलपात हाय. मार्चात उघडायचं.”

आता भाऊंबद्दल सांगायला हवं. सांगताना माझा रक्तदाब वाढतो, बायको गोळी शोधायला उठते, पण इलाज नाही. भाऊ म्हणजे त्या भागातलं मोठं प्रस्थ. जमिनी, प्लॉटिंग, मंगल कार्यालय, सगळं काही. दर रस्त्यावर त्यांचा नमस्कार केलेला फ्लेक्स. ज्या स्पर्धेतून याला बट्ट्यासाठी हाकलला, ती यांचीच. लाउडस्पीकरवरून ते जाहीर करणारा आवाजही यांचाच. तेच भाऊ आता याच्या आईच्या पाया पडून गेले आणि ‘लोणीच्या सुपुत्राचा भव्य नागरी सत्कार’ ठरला. त्यांच्याच क्रिकेट चषकाच्या उद्घाटनात. फ्लेक्सवर याचा फोटो पासपोर्टाएवढा होता, भाऊंचा दारावरच्या तोरणाएवढा, आणि मागे चित्र बॅट-स्टंपांचं.

मी गेलो होतो. पहिल्या रांगेत बसलो होतो. त्याला सूट घालायला लावला होता, डोक्यावर केशरी फेटा, अंगावर शाल, पायात कडक नवे बूट. भाषणं झाली. मग नारळ आणला. आता उद्घाटनाचा नारळ कसा फोडतात हे पोरासोरालाही माहीत आहे. दगडावर आपटतात, पाणी शिंपडतात, खोबरं वाटतात. पण भाऊंच्या डोक्यात कल्पना आली. त्यांनी तो नारळ खेळपट्टीच्या पलीकडच्या टोकाला तीन स्टंपांच्या डोक्यावर ठेवायला लावला आणि माइक हातात घेतला.

“मंडळी, नारळ तर आपण रोजच फोडतो. आज आपल्या लोणीचा वाघ अमेरिकेचा बॉल मारून नारळ फोडणार!”

अशी दाद मिळाली, की विचारू नका. मी उठून उभा राहिलो. हात थंड, महिनोन् महिने चेंडू धरलेला नाही, अंगात सूट, पायात घसरणारे बूट. आमच्या खेळात पिचर चेंडू टाकायच्या आधी अर्धा-पाऊण तास अंग गरम करतो. हे म्हणजे माघातल्या पहाटे ट्रॅक्टर गरम न करताच चिखलात घालण्यासारखं होतं. मी मंचाच्या पायऱ्या चढलो आणि म्हणालो, “भाऊ, असं नका करू. त्याच्या हाताला विश्रांती सांगितलीय. इजा होईल.”

भाऊंनी माइकवरच उत्तर दिलं. “ओ पेठेतले पाव्हणे, खाली बसा. एका बॉलनं काय हुतंय? आमच्या घरचं पोरगं हाय त्ये.”

सगळं मैदान हसलं. मी तिथूनच त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, जसा उंचवट्यावरून पाहायचा तसा. मी मान हलवली. नाही. स्पष्ट, दोनदा. मला वाटलं, हा तरी हलवेल. पण तो उंचवटा नव्हता, गाव होतं. त्याने मान खाली घातली आणि शाल काढून खुर्चीवर ठेवली.

पहिला चेंडू नारळाच्या वरून गेला. लोक ‘आरारारा’ म्हणाले. भाऊ म्हणाले, “अजून एक!” दुसरा स्टंपांवर बसला, तिन्ही दांड्या उडाल्या, नारळ अखंडच्या अखंड गवतात घरंगळला. पब्लिक ‘आऊट, आऊट’ म्हणून नाचलं. कारण त्यांना तेवढंच कळतं. पोरांनी स्टंप पुन्हा रोवले, नारळ पुन्हा ठेवला. “अजून एक! पब्लिकला पायजे!” आणि असं ते ‘अजून एक, अजून एक’ चाललं. मी ओरडत होतो, दोन कार्यकर्ते माझ्या दंडाला धरून मला अत्यंत आदराने खाली बसवत होते. हौसेला मोल नाही म्हणतात. असतं हो. ते फक्त हौस करणाऱ्याला भरावं लागत नाही.

शेवटी नारळ फुटला. खरं सांगतो, असा फुटलेला नारळ मी जन्मात पाहिला नाही. जागच्या जागी चिंधड्या झाल्या, पाण्याचा फवारा उडाला. लोक प्रसादाचे तुकडे वेचायला धावले. फटाके लागले. त्या धुरात तो एकटाच तिथे उभा होता. मी जवळ गेलो.

तो म्हणाला, “पंत, माझा फेटा काढ जरा. हात वर जात न्हाय.”

मी फेटा काढला. मागून कुणीतरी माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. मी तो तिथेच फेकून दिला. तेव्हापासून प्रसादाचं खोबरं मी तोंडात घातलेलं नाही. गणपतीच्या आरतीनंतर शेजारचे जोशी खिरापत घेऊन येतात, त्यात खोबरं असलं तर मी त्यांना परत पाठवतो. लोक मला विक्षिप्त म्हणतात. म्हणोत.

मार्चात तो परत गेला. तिथल्या डॉक्टरांनी कोपर उघडलं, आतलं तुटलेलं शिवलं, वर्षभर थांबले, व्यायाम करून घेतला. वेग आला नाही. त्यांनी त्याला परतीचं तिकीट काढून दिलं आणि त्या किराणा दुकानातल्या म्हातारीने एक स्वेटर दिला. मी त्याला विचारलं, “इजा कशी झाली म्हणून सांगितलंस त्यांना?”

“बाथरूममदी घसरलो म्हणून.”

“अरे, खरं का नाही सांगितलंस?”

“काय सांगू? नारळ फोडत हुतो? आधी नारळ कशासाठी फोडत्यात त्ये सांगाय पायजे. सगळी दुपार गेली असती.” आणि मग तेच ते. “सुटला की आपला न्हाय, पंत.”

मला इतका संताप आला, की मी त्याच्याशी काही महिने बोललो नाही. भाऊंवर चिडता येत नव्हतं, ते माझ्या आवाक्याबाहेरचे. याच्यावर चिडता येत होतं. एकदा तरी याने शिवी द्यायची! एकदा तरी म्हणायचं, की या माणसाने माझं वाटोळं केलं! पण नाही. गावात बोलवा काय झाली? तर ‘तिकडचं पाणी मानवलं न्हाई’, ‘आयशिवाय करमलं न्हाई’. भाऊ स्वतः एका लग्नात सगळ्यांदेखत म्हणाले, “आपली पोरं टिकत न्हाईत वो भाईर. जिद्द नसती.” हा शेजारी उभा राहून डाव्या हाताने जिलेबी वाढत होता.

आणि सगळ्यात वर कडी ऐका. त्या दिवशीचा तो व्हिडिओ खूप फिरला. लोकांना फार आवडला. तेव्हापासून भाऊंच्या चषकाचं उद्घाटन तसंच होऊ लागलं. स्टंपांवर नारळ, आणि चेंडू मारून फोडायचा. आता तर आजूबाजूच्या गावांतही करतात. विचारलं तर सांगतात, प्रथा आहे. एका माणसाचा हात मोडला आणि आमच्याकडे त्याची प्रथा झाली!

त्याने लग्न केलं, लोणी सोडली आणि बिबवेवाडीत राहायला आला. एका शाळेत कंत्राटी क्रीडाशिक्षक आहे. शाळा त्याला लेझीम बसवायला लावते आणि स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या मोजायला. पण सकाळी शाळेआधी तो पलीकडच्या मैदानावर मुलींना बेसबॉल शिकवतो. मीही जातो, बाकावर बसतो आणि आरडाओरडा करतो. उकिडवं बसता येत नाही, ओरडता येतं.

गंमत म्हणजे तो अजूनही तो हात जपतो. निकामी झालेला हात. अजून पिशवी डाव्या हातात, अजून कोपराला पट्टी. मी एकदा न राहवून विचारलं, “आता कशाला रे? कुणासाठी?”

तो मैदानाकडे बोट दाखवून म्हणाला, “पोरी बघत्यात.”

आणि खरंच, त्या सगळ्या मुली बसचा दांडा डाव्या हाताने धरतात.

त्यांच्यातलीच एक आमची नवी पिचर. तिचे वडील यवतमाळकडून आलेले, रिक्षा चालवतात. बोलायला फटकळ, चेंडू टाकायला त्याहून. आणि गुरूची खोड तिने बरोबर उचललीय. कॅचरने पहिली खूण केली की मान हलवून नाही. मी बाकावरून पाहिलं तेव्हा माझ्या दुखऱ्या गुडघ्यांतसुद्धा बरं वाटलं. तीच ही संघात निवड झालेली. पुढच्या आठवड्यात ती स्पर्धेसाठी परदेशी निघणार. तिथे तिला बघायला मोठ्या संघांची माणसं येणार आहेत, असं तिच्या संघाच्या व्यवस्थापकांनी सांगितलंय. सामान भरायला तिच्या बापाने नवी बॅग आणली, ती तो रिक्षात घालून सगळ्यांना दाखवत फिरतोय.

तर परवाचीच गोष्ट. भाऊंनी लोणीजवळ नवं क्रीडासंकुल बांधलं. प्रवेशद्वाराशीच चबुतरा, त्यावर काळ्या ग्रॅनाइटची कोनशिला, त्यावर सोनेरी अक्षरांत भाऊंचं नाव, शेवटी कुठंतरी ‘सर्व खेळाडूंस अर्पण’. उद्घाटनाला या मुलीला बोलावलं आणि तिच्या गुरूलाही. गुरू अर्थातच ‘हो’ म्हणाला. मीही मागोमाग गेलो, कुणी बोलावलं नव्हतं तरी.

भाऊ आता थकलेत, पण माइक हातात आला की आवाज तोच. स्टंप रोवलेले, वर नारळ. “आपल्या ह्या मैदानाची परंपरा तुम्हाला ठाऊकच आहे. आज आपली लेक, भारताची लेक, बॉल मारून नारळ फोडणार!” मुलगी ड्रेसमध्ये, पायात चपला. कुणीतरी तिच्या हातात चेंडू दिला. बाप पहिल्या रांगेत मोबाइल धरून उभा, डोळ्यांत पाणी. तिने गुरूकडे पाहिलं.

मी मागून उठलो. या वेळी कुणाचंही ऐकायचं नाही असं ठरवूनच आलो होतो. गुडघे कुरकुरले, मी दोन खुर्च्यांच्या मध्ये अडकलो, आणि तेवढ्यात पाहिलं, तर तो आधीच चालायला लागला होता. घाई नाही, गडबड नाही. स्टंपांजवळ गेला आणि डाव्या हाताने नारळ उचलला.

भाऊ माइकवर म्हणाले, “अरे, ठेव, ठेव तिथंच. पोरगी मारतीय. एका बॉलनं काय हुतंय?”

तो थांबला. भाऊंकडे वळला. आणि त्याने मान हलवली.

नाही.

मी ती मान ओळखली. उंचवट्यावरची. इतक्या वर्षांत जमिनीवर उभं राहून त्याने ती पहिल्यांदा हलवली होती. भाऊंनी पुन्हा, जरा खालच्या आवाजात म्हटलं, “अरे, परंपरा आहे...”

त्याने परत मान हलवली. मग तो चालत चबुतऱ्याशी आला आणि डाव्या हाताने तो नारळ सरळ कोनशिलेच्या कडेवर आपटला. एका घावात दोन शकलं. पाणी उडालं आणि भाऊंच्या सोनेरी नावावरून खाली ओघळलं. त्याने दोन्ही शकलं चबुतऱ्यावर ठेवली, मुलीजवळ गेला, तिच्या हातातला चेंडू काढून घेऊन स्वतःच्या खिशात घातला आणि भाऊंना म्हणाला, “माझा सुटला, भाऊ. हिचा आजून हातात हाय.”

टाळ्या पडल्या नाहीत. उगाच खोटं कशाला सांगू? लोकांना नीटसं कळलंच नाही. पोरं हिरमुसली. व्हिडिओ काढणाऱ्यांनी मोबाइल खाली घेतले. भाऊंनी ‘चला, उद्घाटन झालं असं जाहीर करतो’ म्हणून माइक दुसऱ्याला दिला आणि रुमालाने कोनशिला पुसायला माणूस पाठवला. मुलीचा बाप गोंधळून लेकीला विचारत होता, “काय झालं वो? सर रागावले का?” ती म्हणाली, “नाही बाबा. चला आता, भूक लागली.”

आणि तो नेहमीसारखा चबुतऱ्याशी उभा राहून डाव्या हातातल्या चाकूने खोबऱ्याचे तुकडे करून लोकांना वाटत होता. भाऊंनाही दिला. मी दोन खुर्च्यांच्या मधून कसाबसा सुटलो, लोकांना ढकलत पुढे गेलो आणि हात पुढे केला. त्याने माझ्याकडे पाहिलं. “पंत, तू खात न्हाईस ना?”

“दे,” मी म्हटलं.

खोबरं जरा खवट होतं. सगळं खाल्लं.